खोल समुद्रातील सावकाश जीवन



उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी अनेकजण विहिरीवर पोहायला जातात. पाठीला भोपळा किंवा कोरडा डबा बांधून पोहणे शिकतात. थोडे तरबेज झाले की पैज लागते. तळ गाठून मूठभर गाळ कोण वर आणतो? अशी बुडी मारताना प्रत्येकाला एक अनुभव येतो. दोन परस पाणी खाली गेले की कान दुखू लागतात. वर आल्यावर दुखणे थांबते. असे का होते, याचा कधी विचार केला आहे का?

आपल्या शिरूर अनंतपाळपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तुमच्यातील बहुतेकांनी तो प्रत्यक्ष पाहिलाही नसेल. तरीसुद्धा समुद्राच्या अगदी तळाशी प्राणी कसे जगतात, हे समजून घेण्याची सुरुवात आपण आपल्या विहिरीपासूनच करू शकतो. आपल्या कानाला जे जाणवते त्याला दाब म्हणतात. तुमच्या उर्दू विज्ञानाच्या पुस्तकात यालाच 'दबाव' असे म्हटले आहे.

आपल्या अंगावर हवेचा दाब नेहमीच असतो. पाण्यात शिरलो की त्यात पाण्याच्या वजनाची भर पडते. दर दहा मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट खोलीला, हवेच्या दाबाइतकाच आणखी एक दाब वाढतो. आता हा हिशोब पुढे नेऊ या. हिंदी महासागराच्या मध्यभागी तळ सुमारे ५४०० मीटर खोल आहे. तिथे वरच्या हवेच्या दाबापेक्षा सुमारे ५४० पट दाब असतो. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर तुरीचे पन्नास किलोचे अकरा कट्टे ठेवले, तर जितका भार होईल तितका हा दाब आहे. शिवाय तिथे सूर्याचा एकही किरण पोहोचत नाही. पाण्याचे तापमान एक-दोन अंश सेल्सिअस असते. खायलाही फारसे काही नसते.

अशा ठिकाणी कोण राहणार? एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता. १८४३ साली एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने मत मांडले, की सुमारे ५५० मीटरच्या खाली समुद्रात जीवसृष्टी नसावी. हे मत काही वर्षे अनेकांनी मान्य केले. पुढे १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचे जहाज जगभर फिरले. त्याने हजारो मीटर खोलीवरून प्राणी वर काढले आणि फोर्ब्स यांचे मत चुकीचे ठरले.

आपल्या देशातही हे काम लवकर सुरू झाले. १८८१ साली मुंबईच्या गोदीत 'इन्व्हेस्टिगेटर' नावाचे लाकडी जहाज बांधण्यात आले. समुद्राची मोजणी करणे हे त्याचे मुख्य काम. पण त्यावर एक डॉक्टर-निसर्गशास्त्रज्ञही असे. १८८८ पासून काही वर्षे आल्फ्रेड अल्कॉक यांनी हे काम केले. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर येथून जाळ्यात आलेले मासे, खेकडे, झिंगे त्यांनी तपासले व त्यांची वर्णने लिहिली. परंतु एक अडचण होती. जाळे वर येईपर्यंत त्यातील बहुतेक प्राणी मेलेले किंवा मरायला टेकलेले असत. प्राणी कसा दिसतो हे त्यावरून कळले. तो कसा जगतो हे कळले नाही.

प्राण्याचे शरीर आतून कसे चालते, हे सांगणाऱ्या शास्त्राला शरीरक्रियाशास्त्र म्हणतात. उर्दूत त्याला 'फेलियात' म्हणतात. खोल समुद्रातील प्राण्यांचे शरीरक्रियाशास्त्र गेल्या काही दशकांत उलगडू लागले. चला, आपण त्याची थोडी ओळख करून घेऊ.

आधी घरी एक सोपा प्रयोग करा. प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या. झाकण घट्ट लावा आणि हाताने दाबा. बाटली चेपते. आता तीच बाटली काठोकाठ पाण्याने भरा, झाकण लावा आणि पुन्हा दाबा. आता ती चेपत नाही. याचे कारण असे, की हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. पाच हजार मीटर खोलीवरसुद्धा पाण्याचे आकारमान शंभरात जेमतेम दोन भागांनी कमी होते. विहिरीत आपला कान दुखतो, कारण कानाच्या पडद्यामागे हवा असते. संशोधन जहाजांवर शास्त्रज्ञ गंमत म्हणून थर्मोकोलचे पेले दोरीला बांधून खोल सोडतात. थर्मोकोलमध्ये हवा भरलेली असते. म्हणून चहाचा पेला वर येतो तेव्हा अगदी चिमुकला झालेला असतो.

अतिखोल समुद्रातील बहुतेक प्राण्यांच्या शरीरात हवेची पोकळीच नसते. वरच्या पाण्यातील अनेक माशांना तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. सर्वांत खोल राहणाऱ्या माशांना ती नसते. त्यांचे शरीर मऊ व पाणीदार असते. आत पाणी आणि बाहेरही पाणी. म्हणून ते चिरडले जात नाहीत. अनेकांना वाटते, की खोल समुद्रातील प्राण्यांच्या अंगावर चिलखतासारखे जाड कवच असेल. प्रत्यक्षात तिथल्या कितीतरी प्राण्यांचे अंग आपल्या बोटांनी सहज दबेल इतके मऊ असते.

मग दाबाचा त्रास त्यांना होतच नाही का? होतो. पण तो शरीराला बाहेरून होत नाही, आतल्या अतिसूक्ष्म भागांना होतो.

प्रत्येक प्राण्याचे शरीर पेशींचे बनलेले असते. पेशी म्हणजे उर्दूतील 'खलिया'. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. त्यातून आवश्यक वस्तू आत जातात आणि नको त्या बाहेर येतात. हे आवरण लवचीक असले तरच त्याचे काम चालते. आता तुमच्या स्वयंपाकघरात पाहा. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेल बाटलीत गोठून बसते, पण करडईचे तेल पातळच राहते. दोन्ही तेलेच, पण त्यांतील स्निग्ध पदार्थांचे प्रकार वेगळे. थंडी आणि दाब या दोन्हींमुळे पेशीचे आवरण खोबरेल तेलासारखे घट्ट होऊ पाहते. खोल समुद्रातील प्राण्यांच्या आवरणात करडईच्या तेलासारखे, सहज न गोठणारे स्निग्ध पदार्थ अधिक प्रमाणात असतात. त्यामुळे बर्फासारख्या थंड पाण्यात आणि प्रचंड दाबाखालीही त्यांच्या पेशींचे दरवाजे उघडे राहतात.

दुसरी अडचण प्रथिनांची. शरीरातील बहुतेक कामे प्रथिने करतात. अन्न पचवणे, स्नायू हलवणे, श्वासातील ऑक्सिजन वापरणे ही सर्व त्यांचीच कामे. काम करताना प्रथिनाला आपला आकार किंचित बदलावा लागतो. बाजाराच्या दिवशी लातूरकडे जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही कधी उभ्याने गेला असाल. गर्दीत तुम्ही चिरडून जात नाही, पण तिकिटाचे पैसे काढायला खिशात हात घालता येत नाही. प्रचंड दाबाखाली प्रथिनांची अशीच अवस्था होते. ती जागेवर असतात, पण त्यांना हालचाल करता येत नाही. काहींचा आकारच बिघडतो.

यावर खोल समुद्रातील माशांजवळ एक औषध आहे. त्याचे नाव ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड. नाव लांब आहे, पण त्याची ओळख तुम्हाला आहे. मासळी बाजारात शिळ्या माशाला जो उग्र वास येतो, तो या पदार्थाचे जिवाणूंनी विघटन केल्यामुळे येतो. हा पदार्थ दाबाखालीही प्रथिनांचा आकार बिघडू देत नाही. अमेरिकेतील पॉल यान्सी या शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या खोलीवरच्या प्राण्यांच्या शरीरातील या पदार्थाचे प्रमाण मोजले. त्यांना एक नियम दिसला. मासा जितका खोल राहणारा, तितके हे औषध त्याच्या अंगात अधिक.

पण औषधालाही मर्यादा असते. मनुके पाण्यात टाकले की फुगतात, कारण मनुक्याच्या आतला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असतो आणि पाणी आत ओढले जाते. समुद्रातील बहुतेक माशांच्या शरीरातील द्रव समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पातळ असतो. हे औषध वाढत गेले, की तो दाट होत जातो. एका खोलीवर तो समुद्राच्या पाण्याइतकाच दाट होईल. त्याच्याही खाली गेल्यास मासा मनुक्यासारखे पाणी ओढू लागेल. ७००० मीटर खोलीवर पकडलेल्या स्नेलफिश जातीच्या माशांची तपासणी करून यान्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली हिशोब मांडला, की ८२०० ते ८४०० मीटरच्या खाली मासा राहू शकणार नाही. पुढे २०२२ साली जपानजवळच्या समुद्रात एका स्नेलफिशचे चित्रीकरण झाले. तो ८३३६ मीटरवर पोहत होता. इतक्या खोलीवर मासा पूर्वी कधी दिसला नव्हता. हिशोबाने सांगितलेल्या मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर तो होता. प्रयोगशाळेत केलेला हिशोब समुद्राने खरा करून दाखवला.

आता तुम्ही विचाराल, की या प्राण्यांना दाबातून सोडवून वर आणले तर ते आनंदाने जगतील का? याचे उत्तर एका लहानशा जिवाणूने दिले. अमेरिकेतील अरिस्टाइड्स यायानोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरातील मरियाना गर्तेतून, १०४७६ मीटर खोलीवरून, झिंग्यासारखा एक प्राणी वर आणला. वर येईपर्यंत तो मेला होता. पण त्याच्या अंगावरून मिळालेला एक जिवाणू त्यांनी दाबयुक्त भांड्यात वाढवला. १९८१ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. हवेच्या दाबाच्या सुमारे ३८० पट दाब दिला तरी हा जिवाणू वाढत नव्हता. त्याला तो दाब कमी पडत होता! ६९० पट दाबाखाली त्याची वाढ उत्तम होत होती. म्हणजे जो दाब आपल्याला शिक्षा वाटतो, तो त्याची गरज होती. जसे मासळीला पाणी, तसा त्याला दाब.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. आपल्या आतड्यात राहणारा एक जिवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. मरियाना गर्तेतील या जिवाणूला उत्तम परिस्थितीतही त्यासाठी सुमारे २५ तास लागत होते. मित्रांनो, खोल समुद्रातील जीवनाचे हे दुसरे मोठे वैशिष्ट्य आहे. तिथे सारे काही सावकाश चालते.

याचे कारण थंडी आणि भूक. सूर्यप्रकाश नाही म्हणून तिथे वनस्पती नाहीत. वरच्या पाण्यातील मेलेल्या जीवांचे कण, विष्ठा, कुजलेले तुकडे हळूहळू खाली झरत राहतात. हेच तिथल्या बहुतेक प्राण्यांचे अन्न. वाटेत त्यातले बहुतेक खाल्ले जाते आणि तळाला अगदी थोडे पोहोचते. दुष्काळात शहाणा माणूस घरातील धान्य पुरवून पुरवून वापरतो, तसे हे प्राणी शक्ती पुरवून वापरतात. त्यांची हालचाल मंद, वाढ मंद आणि पिलेही सहसा थोडी.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की त्या अंधारातील प्राण्यांशी आपल्याला काय करायचे आहे? आता त्याचेच उत्तर पाहू.

गोव्यात पणजीजवळ दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. २६ जानेवारी १९८१ या दिवशी संस्थेच्या 'गवेषणी' या जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून काळपट, बटाट्यासारखे गोळे वर काढले. त्या वेळी संस्थेचे संचालक डॉ. सय्यद जहूर कासिम होते. अलाहाबादेत जन्मलेले आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले डॉ. कासिम हे मुळात माशांचे अभ्यासक. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्वही त्यांनीच केले.

त्या काळ्या गोळ्यांत मॅंगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट हे धातू असतात. विहिरीवरच्या मोटारीच्या तारेत तांबे असते. मोबाइलच्या बॅटरीत कोबाल्ट असतो. हे धातू आपल्याला हवेच आहेत. १९८७ साली हिंदी महासागराच्या मध्यभागी दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र भारताला शोधकार्यासाठी मिळाले. त्यातील ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र पुढे भारताने स्वतःकडे राखले. तळ तिथे पाच किलोमीटरहून अधिक खोल आहे.

पण हे गोळे जिथे पडलेले आहेत, तेच त्या सावकाश जगणाऱ्या प्राण्यांचे घर आहे. गोळे उचलताना तळाचा चिखल उकरला जाणार, गढूळ पाणी दूरवर पसरणार. मग तिथल्या जीवांचे काय होईल? खाणकाम सुरू होण्याआधीच हे पाहावे, असे गोव्यातील शास्त्रज्ञांनी ठरवले. १९९७ साली त्यांनी एक प्रयोग केला. सुमारे ५४०० मीटर खोलीवर, तीन किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्ट्यात, एक यंत्र नऊ दिवसांत २६ वेळा ओढले. त्याने तळाचा गाळ उपसून पाण्यात सोडला. आपण शेत नांगरतो तसाच हा प्रकार, पण पेरण्यासाठी नव्हे, तर परिणाम पाहण्यासाठी.

यंत्र फिरवण्याच्या आधी आणि नंतर शास्त्रज्ञांनी तळाचे नमुने घेतले. पोलादी पेटी लांबच लांब तारेने खाली सोडायची. ती चिखलात रुतून चौकोनी तुकडा कापून आणते. वर आल्यावर तो चिखल अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक छिद्रांच्या चाळणीतून चाळायचा. मागे उरलेले जीव सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजायचे. त्यांत बहुतेक बारीक कृमी आणि झिंग्याच्या नात्यातले चिमुकले प्राणी असतात. संस्थेतील सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. बबन इंगोले, डॉ. झेड. ए. अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चिकाटीचे काम केले. उकरलेल्या भागात जीवांची संख्या घटल्याचे त्यांना दिसले. पुढील काही वर्षांत पुन्हा जाऊन नमुने घेतले, तेव्हा जीव परतू लागले होते. पण सर्व काही पूर्ववत झालेले नव्हते.

जर्मन शास्त्रज्ञांनी असाच प्रयोग १९८९ साली पेरू देशासमोरच्या खोल समुद्रात केला होता. तळावर नांगरासारखे अवजार फिरवले होते. २६ वर्षांनी, २०१५ साली, शास्त्रज्ञ तिथे परत गेले. नांगराच्या रेघा कालच ओढल्यासारख्या दिसत होत्या. आपल्या शेतात एका पावसाळ्यात तासाची खूण पुसली जाते. तिथे पाऊस नाही, वारा नाही आणि प्राण्यांना घाई नाही. शिवाय हे गोळे दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. मऊ चिखलात काही प्राणी या टणक गोळ्यांनाच चिकटून राहतात. गोळा उचलला, तर त्यांचे घर पुन्हा तयार होणार नाही, असेच म्हणावे लागेल.

तर आता शरीरक्रियाशास्त्र आणि खाणकाम यांचा संबंध तुमच्या ध्यानात आला असेल. प्राणी सावकाश का जगतो हे कळले, म्हणूनच त्याची जखम सावकाश का भरते हे कळते. त्याला दाबाची गरज आहे हे कळले, म्हणूनच त्याला वर आणून एखाद्या मत्स्यालयात सहज वाचवता येणार नाही हेही कळते.

दरम्यान काम पुढे चालले आहे. २०२१ साली चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने आपले खाणयंत्र हिंदी महासागराच्या तळावर, ५२७० मीटर खोलीवर, चालवून पाहिले. त्याच वर्षी केंद्र सरकारने खोल समुद्राच्या अभ्यासासाठी मोठी मोहीम मंजूर केली. तिच्यात तीन माणसांना सहा हजार मीटरपर्यंत नेणाऱ्या 'मत्स्य-६०००' या पाणबुडीची योजना आहे. माणसांची खोली टायटॅनियम धातूचा एक गोळा आहे. आपल्या शरीरात हवा आहे, म्हणून आपल्याला इतका भक्कम गोळा लागतो. स्नेलफिशला मात्र काहीच लागत नाही.

धातूही हवेत आणि जीवही राहायला हवेत. किती घ्यायचे, कुठे थांबायचे आणि कोणता भाग अजिबात हात न लावता सोडायचा, हे ठरवणाऱ्यांत उद्या तुमच्यापैकीही कोणी असेल. अलीगढला शिकणारा एक विद्यार्थी समुद्रशास्त्रज्ञ झाला, तेव्हा त्याच्या अलाहाबादेतूनही समुद्र दिसत नव्हता.

या उन्हाळ्यात विहिरीत बुडी माराल, तेव्हा मोठ्या माणसाला काठावर उभे करा. कान दुखू लागले की वर या. आणि वर येताना आठवण ठेवा, की ज्या दाबाने तुम्ही माघारी फिरलात, त्याच्या कितीतरी पट दाबात कोणीतरी शांतपणे, सावकाश जगत आहे.

स्वाध्याय

१. विहिरीत खोल गेल्यावर कान का दुखतात?
२. पाण्याने भरलेली बाटली दाबल्यास का चेपत नाही? यावरून खोल समुद्रातील प्राण्यांविषयी काय समजते?
३. ८४०० मीटरच्या खाली मासे राहू शकणार नाहीत, असे शास्त्रज्ञांना का वाटते? मनुक्याचे उदाहरण देऊन लिहा.
४. गोव्यातील शास्त्रज्ञांनी १९९७ साली कोणता प्रयोग केला? त्यातून काय आढळले?
५. 'समुद्रतळावरील धातू काढावेत की नाही?' या विषयावर वर्गात चर्चा करा आणि आपले मत दहा ओळींत लिहा.